पूर्वपक्षावर थांबलेलं भाषण

२० जुलै, रविवार
गोखिवऱ्याला देशमुखांच्या सोसायटीत व्याख्यान. विषय त्यांनीच दिलेला : राष्ट्राभिमान असावा का? हॉल भरलेला. माझी नेहमीची पद्धत, पूर्वपक्ष आधी. विरोधकाची बाजू त्याला स्वतःला जमणार नाही इतक्या ताकदीने मांडायची, तीही ‘मी’ म्हणून. मग एकेक वीट काढायची. शाळेत मास्तर असताना वक्तृत्वाच्या पोरांना हेच शिकवलं.
आज पूर्वपक्ष रंगला. नंदाखालला जन्मलो यात माझं कर्तृत्व काय? कळा आईने सोसल्या. त्याच वाडीत, त्याच विहिरीवर माझे पूर्वज आधी पोर्तुगीजांची रयत, मग पेशव्यांची, मग इंग्रजांची. केळीला काही फरक पडला नाही. ज्यात मी बोटही हलवलं नाही त्याचा अभिमान कसा बाळगू? वगैरे. लोक पुढे सरकून ऐकत होते.
आता उत्तरपक्ष, म्हणून पाणी प्यायलो, तर चिठ्ठी आली. दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, पाहुणे खोळंबलेत. ‘उरलेलं पुन्हा कधीतरी’ म्हणून खाली बसलो. टाळ्या बऱ्या पडल्या.
परतताना रिक्षात देशमुख म्हणाले, ‘सर, बरं झालं थांबवलं. मला पहिला भागच पटला होता.’ खूप हसलो.

२३ जुलै, बुधवार
क्लिप फिरते आहे. भाच्याने पाठवली, मग चुलतभावाने, मग ज्यांच्याशी बोलणं नाही अशांनीही. माझा चेहरा, माझा आवाज : ‘मला भारतीय असल्याचा अभिमान वाटत नाही. वाटायला कारणच नाही.’ संपली. खाली माझं नाव, आडनाव, गाव. ख्रिस्ती आडनाव, तेवढं ठळक अक्षरांत.
रविवारी चहाच्या वेळी तिथेच दे. (देशमुख) याहून जहाल बोलले होते. त्यांची क्लिप कोणी काढली नाही. काढली असती तरी फिरली नसती.
अख्खं भाषण दाखवून तोंड बंद करावं म्हटलं, तर अख्खं भाषण आहे कुठे? जे आहे ते एवढंच आहे. मी चिठ्ठीपाशी थांबलो.

२४ जुलै
स्मिताला मुख्याध्यापिकेने बोलावून विचारलं, ‘ते तुमचे वडील ना?’ हो म्हणाली. ‘बरं,’ एवढंच. विरारची शाळा. तिथलं तिचं परिवीक्षेचं वर्ष संपत आलंय, कायम करायचं की नाही ते ऑगस्टअखेर ठरणार. ही माहिती मला बायकोकडून, मार्थाकडून. लेक माझ्याशी बोलली नाही.
मा. दिवसभर भांडी जरा जोरात ठेवते आहे.

२६ जुलै, शनिवार
आंद्रू आला होता. माझा विद्यार्थी, आता पॅरिश कौन्सिलचा सेक्रेटरी. पंधरा ऑगस्टचं बोलायला. आपल्याकडे त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा आधी, मग चर्चच्या आवारात झेंडा, मग माझं भाषण. वर्षानुवर्षं हा क्रम. पावसात छत्री धरून लोक थांबतात.
त्याचं म्हणणं, यंदा भाषणात ते एक वाक्य घ्या. मला अभिमान आहे. एकदाच, मोठ्याने. आम्ही शूट करतो, सगळीकडे टाकतो, विषय संपला.
म्हटलं, कोणी मागितलं म्हणून वाक्य मी बोलत नाही.
‘सर, देशमुख बोलले तर तो विचार. आपण बोललो तर गुन्हा. हे काय मी तुम्हाला सांगायचं?’
भडकलो. विचारलं, माझा अभिमान म्हणजे काय भाडेकरार आहे? दर अकरा महिन्यांनी नवा करायचा? देशमुखांना कोणी मागत नाही तो!
आंद्रू शांतपणे म्हणाला, ‘ते मालक आहेत असं लोकांना वाटतं. आपण भाडेकरू. चूक आहे, पण वाटतं.’
चहा न घेता गेला. पोरगं हुशार निघालं. राग त्याचाच जास्त आला.

२८ जुलै
ठरवलं, वाक्य नाही, पण उत्तरपक्ष जरूर देऊ. पंधरा ऑगस्टला, अख्खा. सकाळी टिपणं काढायला बसलो.
थोर परंपरा? मग वाईट परंपरेचंही उत्तरदायित्व घ्या. शिवाय तीही मी घडवलेली नाही. सैनिकाचं शौर्य? ते सैनिकाचं. संविधान? त्याबद्दल कृतज्ञता वाटते, रोज वाटते. पण कृतज्ञता म्हणजे अभिमान नव्हे. मातीचं प्रेम? आहे, वाद नाही. पण आईवर प्रेम असतं म्हणून कोणी ‘माझी आई जगात श्रेष्ठ’ असे फलक लावत नाही.
दुपारपर्यंत कागद कोरा. इतकी वर्षं उत्तरपक्षात जे जे बोलत आलो ते सगळं पूर्वपक्षाने खाऊन टाकलं. आणि पूर्वपक्ष इतका रंगला तो उगाच नाही. तो विरोधकाचा नव्हताच. तो

२९ जुलै
काल वाक्य अर्धं ठेवून उठलो. पुरं करतो : तो माझाच आहे.
म्हणजे क्लिप खोटी नाही. ज्यांनी कापली त्यांनी चुकून खरं तेच ठेवलं. हे बाहेर कोणापाशी बोलता येणार नाही. मा. पाशीही नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार
दे. आले. पडवीत बसले, पंखा नको म्हणाले, घाम पुसत राहिले. क्लिप त्यांच्याच सोसायटीतल्या कोणीतरी केलेली. त्यांनी ग्रुपवर जाब विचारला तर उत्तर आलं, ‘कन्व्हर्ट लोकांची बाजू घेऊ नका.’ दे. मूळ साताऱ्याचा गडी, पंचवीस वर्षं इथे राहतो. म्हणाले, ‘मला ठाऊकच नव्हतं मी कोणाबरोबर लिफ्टने जातो ते.’
त्यांना मात्र खरं सांगितलं. उत्तरपक्ष नाही माझ्याकडे.
हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. मग वाद सुरू झाला, आमचा नेहमीचा, पण आज धार वेगळी. म्हणाले, ‘मागे ती बातमी आली, जमावाने धिंड काढलेल्या त्या बाईची. तुम्ही सकाळी सकाळी मला फोन केलात. काय म्हणालात?’
लाज वाटते म्हणालो होतो.
‘आणि दुसऱ्या देशात तसंच घडलं तेव्हा?’
वाईट वाटतं म्हणालो असेन.
‘दोन शब्द का, सर? त्या बाईच्या बाबतीत तरी तुम्ही बोट हलवलं होतं का? नाही ना? मग लाज कशाची? ज्यात आपला हात नाही त्याची लाज वाटते, पण अभिमान वाटायचा नाही. हा कुठला हिशेब?’
मी म्हटलं, लाजेने माणूस काही करायला उठतो. अभिमानाने खुर्चीत आणखी रेलतो.
‘तुमचे शब्द आहेत, छान आहेत,’ म्हणाले, ‘पण उत्तर नाही दिलंत.’
खरंय. नाही दिलं. जाताना मा. ने केळफुलाची भाजी डब्यात दिली. दे. नी डबा दोन्ही हातांनी घेतला, कोणी काढून घेईल असा.

२ ऑगस्ट
लाज जर माझी, तर... पण मग ज्यांना लाज वाटत नाही आणि अभिमान तेवढा वाटतो, त्यांचं काय? देशमुखांना हे विचारायला हवं होतं. नेमकं माणूस गेल्यावर सुचतं. व्यासपीठावर असं कधी होत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
स्मिता संध्याकाळी आली. भांडण. आधी ते, मग चहा.
म्हणाली, ‘बाबा, खोटं बोला असं मी म्हणत नाहीये. काहीच बोलू नका. यंदा गप्प बसा.’
म्हटलं, माझ्या गप्प बसण्याचाही अर्थ लावतील.
‘लावू दे. तत्त्व तुमचं, वर्गात उभी मी.’
मग सांगितलं. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, मॅडम, तुम्ही कुठल्या? ही म्हणाली नंदाखालची. तो म्हणाला, नाही, त्याच्या आधी? घरून शिकून आलेला प्रश्न.
‘मग काय सांगितलंस?’
‘त्याच्या आधीही नंदाखालचीच. त्याच्याही आधी नंदाखालचीच. पुस्तक काढ.’
हे सांगताना मान जरा वर झाली होती तिची. मी बघत राहिलो. भाषणं ऐकण्या-ऐकवण्यात जन्म गेला, टाळीचं वाक्य मला लांबून कळतं. हे तसलं नव्हतं. तिने ते कमावलेलं नाही, तिचंही बोट त्यात हललेलं नाही. तरी कोणी ते हिसकायला आलं तेव्हा तिने ते धरून ठेवलं. याला काय म्हणायचं? मी पूर्वपक्षात याला मूर्खपणा म्हटलं होतं.
तिला हे सांगितलं नाही. ती म्हणाली असती, झालं, निघालं तुमचं पुढचं भाषण.

८ ऑगस्ट, शुक्रवार
फादरनी बोलावलं. तोडगा काढलाय. भाषण आंद्रू करेल. झेंडा मी फडकवायचा.
‘बोलायचं नाही, सर. दोरी ओढायची, सलामी द्यायची. फोटो बोलेल.’
इतकी वर्षं त्या खांबाशेजारी उभा राहून बोललो, दोरीला हात कधी लावला नाही. दोरी कर्नल, कलेक्टर, निवृत्त पोस्टमास्तर यांची. माझं काम तोंडाचं.
म्हटलं, म्हणजे वाक्य नको, फोटो चालेल. फादर थोडे ओशाळले. चांगला माणूस आहे. म्हणाले, ‘मला या आवारात सगळे लोक सुखरूप हवेत. तेवढंच माझं तत्त्वज्ञान.’
घरी मा. ला सांगितलं. ती म्हणाली, ‘घ्या. तुम्ही गप्प उभे राहिलेले मी अजून पाहिलेले नाहीत. लग्नातसुद्धा फादरांच्या आधी “हो” म्हणाला होतात.’ पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.
तिच्या त्या हसण्यावर हो म्हटलं. तत्त्वावर नव्हे. नोंद असावी.

१२ ऑगस्ट
आवारात सराव. झेंड्याची घडी, आत झेंडूच्या पाकळ्या, वर सरकगाठ. दोरी झटक्यात ओढली तर सुटते, दबकत ओढली तर आवळते. आंद्रूने करून दाखवलं, मग मी केलं. पहिल्यांदा अडकली. दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो. एकच गोष्ट मनात. कोणाचीही गाठ अडकते, लोक हसतात, कोणीतरी पोरगं खांबावर चढतं. माझी अडकली तर ती क्लिप होईल.
पुन्हा. पुन्हा. शेवटी सुटायला लागली. साध्या सुती कापडाची मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. रागही आला. ही भीती ज्यांनी माझ्यात घातली, तेच मला अभिमान विचारतात!

१५ ऑगस्ट, शुक्रवार
मिस्सा. फादरांचा उपदेश छोटा. बाहेर रिपरिप. छत्र्या, पांढरे कपडे, शाळेची मुलं. दे. गोखिवऱ्याहून मुद्दाम आलेले, मागे उभे, मोजडी चिखलात.
ओढली. सुटली. पाकळ्या ओल्या, एका गठ्ठ्यात माझ्या खांद्यावर पडल्या.
राष्ट्रगीत. गळा दाटला. नेहमी दाटतो, दरवर्षी दाटतो, त्यात नवं नाही. पण आज सगळे मोबाइल माझ्यावर रोखलेले. हे जे दाटलंय ते काय आहे, बघू म्हटलं, तर बघता येईना. अभिमान, की गाठ सुटल्याची सुटका, की कॅमेऱ्यापुढचा शहाणपणा. माझ्याच गळ्यात काय आहे ते मला कळू दिलं नाही यांनी. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आंद्रूने नेमका तोच फोटो घेतला.
दुपारपर्यंत तो सगळ्या ग्रुपांवर. खाली त्याने लिहिलंय : ‘अभिमानाचे अश्रू.’
मुख्याध्यापिकेचा स्मिताला मेसेज : छान फोटो. बाकी काही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
सकाळी दे. चा फोन. व्याख्यानाचा उरलेला भाग घ्यायचाच, असं त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये धरून ठेवलं. कमिटी तयार झाली, एका अटीवर : भाषण आधी लेखी द्यायचं. वाचून परवानगी.
म्हटलं, आयुष्यात लिहून बोललो नाही. आणि लेखी देऊ काय? लाजेपर्यंत पोचलोय, स्मिताच्या वर्गापर्यंत पोचलोय, पुढे अजून गेलेलो नाही.
‘मग हॉल मिळणार नाही.’ आणि लगेच, ‘आमच्या घरी बोला. सोफा बाहेर काढतो. ज्यांना ऐकायचंय ते मावतील.’
ज्यांना ऐकायचं नाही तेही येतील, म्हटलं. दारापर्यंत तरी.
‘येऊ दे. दार माझं आहे.’ मग म्हणाले, ‘मालक मी ना?’ आंद्रूचं ते मालक-भाडेकरूचं वाक्य त्यांनाही टोचत असणार. मीच सांगितलं होतं मागे.
मा. चं मत : नको. आता शांत झालंय, ऑगस्टअखेरपर्यंत तरी नको. बरोबर आहे तिचं. फोटोने जे झाकलंय ते मी स्वतः उघडायचं, तेही लेकीची ऑर्डर हातात यायच्या आत. कोणत्या तोंडाने?
दे. ना संध्याकाळी कळवतो म्हटलं.
स्मिता जेवायला आली होती, सगळं ऐकत होती. हात धुऊन आली आणि म्हणाली, ‘मी पण येते. पुढे बसते.’
नको, म्हटलं. तू तर मुळीच नको. तुझ्या नोकरीचं होऊ दे आधी.
ती म्हणाली, ‘बाबा, पूर्वपक्ष लांबला की मी खोकेन. तिथून पुढे चला.’
मा. दोघांकडे बघत राहिली. संध्याकाळ झाली, फोन समोर आहे, दे. ना अजून कळवलेलं नाही. पुढे चला म्हणते, पण पुढे