धक्क्यावर उतरून राहिलेली इंगेबोर्ग

मी, ड्रूसिला लॅम्बर्ट, कै. जोशुआ लॅम्बर्ट यांची पत्नी, राहणार ट्रिस्टन द कुन्हा बेट, दक्षिण अटलांटिक महासागर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर नाही असे माझा धाकटा भाऊ एझ्रा वस्तीभर सांगतो. तो बेटाचा प्रमुख आहे, डॉक्टर नव्हे.

१. माझे दगडी घर आणि मेंढ्या माझी मुलगी मर्सी हिला द्याव्यात. समुद्राकडची खोली मात्र बेटावर अडकलेल्या माणसासाठी मोकळी ठेवावी. नुसते फोटो काढायला आलेल्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

२. बटाट्याची वाडी आणि जोशुआचा होडीतला वाटा माझी नात इंगा हिला द्यावा. ही पोर कशी जन्मली ते एझ्राच्या तोंडून तिने ऐकू नये, म्हणून येथे लिहिते.

बेटाचे डॉक्टर तेव्हा केपटाऊनला गेले होते आणि त्यांच्या जागी कोणी आले नव्हते. मर्सीला कळा सुरू झाल्या, मूल पोटात आडवे होते. त्याच दिवशी प्रवाशांचे जहाज आले. मंडळी उतरली, ज्वालामुखी पाहिला, आमचे लोकरी मोजे घेतले. जहाजाच्या डॉक्टरला मी विनवले. तो म्हणाला, कप्तानाची परवानगी लागेल. एझ्राने धक्क्यावर उभ्यानेच वायरलेसवरून कप्तानाला विचारले, तेही जेवून जाता का असे विचारावे तसे. लाटा वाढत आहेत, पाहुण्यांना पुढच्या बेटावरचे पेंग्विन दाखवायचे आहेत, असे उत्तर आले. एझ्रा म्हणाला, "बरं साहेब."

मी म्हटले, पुन्हा विचार, आग्रह धर. माझ्या पोरीचा जीव चालला होता.

"ताई, उगीच तोंड वाजवू नकोस," एझ्रा म्हणाला. "जहाजं यायची बंद झाली तर तुझे मोजे कोण घेणार?"

शेवटची होडी सुटत होती. हे सगळे ऐकत बसलेली एक नॉर्वेची बाई तीत उठून उभी राहिली. इंगेबोर्ग तिचे नाव, आयुष्यभर सुईणीचे काम केलेली. नवऱ्याने तिची बाही ओढली. जहाज थांबणार नाही, म्हणाला.

"जाऊ दे. पेंग्विन तू बघ, आणि मला सांग."

आणि तिने धक्क्यावर उडी टाकली. हे पेंग्विन पाहायला ती कित्येक वर्षे पैसे साठवत होती, हे मला फार नंतर कळले. दिवस मावळायच्या आत तिने मूल फिरवले. मर्सी वाचली, इंगा रडली.

पुढचे जहाज थंडी सरल्यावर आले. तोवर ती आमच्यात राहिली. बटाटे खणले, लोकर पिंजली (वाईट पिंजली), माझ्याशी भांडलीसुद्धा.

३. माझ्या विणायच्या सुया एझ्राला द्याव्यात. इंगेबोर्गला पाठवायला मी मफलर विणून ठेवला होता. तोच कप्तान दुसऱ्या वर्षी आला, तेव्हा एझ्राने मला न विचारता तो बेटाची भेट म्हणून त्याच्या गळ्यात घातला. टाळ्याही वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. यापुढे कप्तानांसाठी त्याने स्वतः विणावे. त्या मफलरची माफी मी देत नाही, मेल्यावरही नाही.

४. परवाच्या उन्हाळ्यात इंगेबोर्गचा नवरा तिच्या अस्थींची लाकडी पेटी घेऊन आला. ट्रिस्टनच्या मातीत ठेवा, एवढेच तिने मरताना मागितले होते. एझ्राने नकार दिला.

"दफनभूमी बेटाच्या माणसांची आहे, ताई. ती पाहुणी होती."

"पाहुणे जहाजावर परत जातात," मी म्हणाले.

त्याने विषय मिटला असे सर्वांना सांगितले. म्हातारा माणूस धक्क्यावर उभा राहून रडला. पेटी मी घरी आणली. माझ्या कपाटात ती आजवर आहे.

माझ्या शवपेटीचे झाकण ठोकण्याआधी मर्सीने ती पेटी माझ्या कुशीत ठेवावी. तिला मी सांगितले आहे, तिने कबूल केले आहे. हे मृत्युपत्र मला माती दिल्यानंतरच, वस्तीच्या सभागृहात, सर्वांसमोर वाचावे.

म्हणजे एझ्रा, तू हे ऐकत असशील तेव्हा ती आत आलेली असेल. बाहेर काढायची असेल तर कुदळ घे. आधी मला उकरावं लागेल.

ड्रूसिला लॅम्बर्ट
(सही)

बाईंनी आमच्यादेखत सही केली. आत काय आहे ते आम्हाला वाचू दिले नाही.
हेस्टर बर्नेट (सही)
बेनोनी फ्लेचर (सही)

ट्रिस्टन द कुन्हा, १४ ऑगस्ट २०१४