पठारावरची कू

बाबा, गेल्या रविवारी आपल्या गावावरच्या पठारावर जाऊन आले. भाईंदरच्या इंद्रलोक कॉलनीतल्या आम्ही नऊ बायका, पायात नवेकोरे बूट, आणि पुढे गळ्यात शिट्टी अडकवलेली ट्रेकवाली. रान होतं तसंच आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, खोडांवर ओलं शेवाळ, आणि धुकं इतकं की पुढच्या बाईची पाठ दिसेना. धुक्यात नावाने हाक मारायची नाही, रान नाव ऐकतं, ही आपल्याकडची रीत. पुढच्याने नुसती कू घालायची, मागच्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर पुढच्याने मागे फिरायचं. मी दर शिट्टीला ओ देत होते. बायका हसल्या. हसू देत.

त्याच रानातला तो जुना दिवस आठवला. मी दहा वर्षांची आहे. देवराईतून एक वाळकी काठी उचलून आणलीय आणि तुम्ही चुलत भावंडांसमोर मला ती परत ठेवायला लावताय. देवाच्या रानातलं पानही बाहेर न्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. राग आला तो सगळ्यांदेखत बोललात याचा. परतताना मी फुगून मागे राहिले, एका अंजनीच्या बुंध्याशी बसले. तुमची कू आली. परत आली. चौथ्या वेळी आवाज कापरा झाला होता. मग दगड घसरल्याचा आवाज आला. तुम्ही गुडघा धरून माझ्यापर्यंत पोचलात. ओरडला नाहीत, एवढंच विचारलंत, "कू आयकू नाय आली?" मी नाही म्हटलं.

त्या गुडघ्याने भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर दिवसभर उभं राहणं जमेना, म्हणून तुम्हाला पॅकिंगला बसवलं. त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. काळजी केलीत ती माझ्या कानांची. लसणीचं कोमट तेल झालं, मग केबिन रोडचा कानाचा डॉक्टर, दोन जिने, कठडा धरून एकेक पायरी. कान उत्तम आहेत म्हणाला, तर तुम्ही त्यालाच अर्धवट ठरवलंत. शाळेत बाईंना सांगून मला पहिल्या बाकावर बसवलंत. माझ्याशी शेवटपर्यंत मोठ्याने बोलत राहिलात, हॉस्पिटलमध्ये श्वास पुरत नव्हता तेव्हाही. मी तुमच्या तोंडाजवळ कान नेला, आणि तेव्हाही बोलले नाही. त्याची मला लाज वाटते.

रविवारी तो बुंधा काही सापडला नाही. हा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतेय, दुसरीकडे कुठे पाठवणार. बाबा, चारही वेळा ऐकू आली होती.