निरंक

गोंदिया,
९ फेब्रुवारी २०१९

प्रिय साक्षी,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या आईचा गुडघा थोडा बरा आहे, पण पायऱ्या चढताना अजून कठड्याला धरते. सौंदडच्या देवाजीमामांकडून नवा तांदूळ आला. तो तुझ्यासाठी एका डब्यात वेगळा ठेवलाय. फोनवर मी तुला जेवलीस का एवढंच विचारतो आणि फोन आईकडे देतो. आज जे सांगायचं आहे ते तसं सांगता येणार नाही, म्हणून ऑफिसातून आल्यावर कागद घेऊन बसलो.

तू सहावी-सातवीत असशील. मुर्रीला आजीकडे गेलं की ती आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासायची, मग तुला जवळ घ्यायची. एकदा तू मला विचारलंस की आजी एवढे हात काऊन धुते, ती काय काम करते? मी म्हणालो, भाजीचं. तुझी आई तिथेच होती, तिला खरं ठाऊक होतं. तिलाही मी लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं होतं. साक्षी, तुझी आजी भाजी विकत नव्हती. रेल्वे लाइनीपलीकडे आमच्या पालिकेचा कचरा डेपो आहे, तिथे ती कचरा वेचायची. मी चौथीत असताना वडील गेले, तेव्हापासून. लोखंड, प्लॅस्टिक, काच, पुठ्ठा. माझी पुस्तकं, वसतिगृह, बी.एस्सी., सगळं त्यातून झालं. मला तिने डेपोवर कधी येऊ दिलं नाही. आणि मी नोकरीला लागलो तो पालिकेच्या आरोग्य विभागात, कचऱ्यावरच. तिला त्याचं हसू आलं होतं. माझ्या ऑफिसात मात्र हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नोकरीला लागल्यापासून मी ते जपलं. डेपोवर पाहणीला गेलो की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून दुसऱ्या बाजूला वळायची. असं कर, म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच समजलं होतं.

२००९ मध्ये कार्बन क्रेडिटची गोष्ट निघाली. तुला हा विषय माझ्यापेक्षा जास्त कळतो, तरी तेव्हा आम्हाला कसा सांगितला गेला ते लिहितो. कचरा कुजला की गॅस निघतो, तो हवा तापवतो. तो पाइपांनी गोळा करून जाळला तर जेवढा गॅस हवेत जायचा वाचला तेवढ्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते परदेशातल्या कंपन्या विकत घेतात. सभागृहात सगळे चकित झाले होते. राइस मिलवाल्यांना तुसावर वीज केल्याबद्दल असं काही मिळतं म्हणे, ही बातमी आधीच फिरत होती. मग शहराला का नको? नागपूरची एक सल्लागार कंपनी आली. तिचा इंजिनिअर ओमेश आमगावकडचा होता, तिशीच्या आतला, सरळ मुलगा. त्याच्या सोबत माझी नेमणूक झाली.

डेपोत तीन ठिकाणी खड्डे घेऊन, पाइप उतरवून तीन महिने गॅस मोजायचा होता. त्या काळात ढीग कोणी उपसायचा नाही, म्हणून भोवती तारेचं कुंपण आणि एक चौकीदार, बकाराम. शिवाय एक लांबलचक अर्ज भरायचा होता. ओमेश प्रश्न वाचायचा, मी उत्तर सांगायचो. जमीन किती, कचरा रोज किती टन, विहिरी किती अंतरावर. मग त्याने विचारलं, या जागेवर पोट असणारी माणसं किती? समोर ढिगाच्या उतारावर बांधून ठेवलेल्या गोण्या त्याला दिसत होत्या. अकरा बाया होत्या त्या दिवसांत, मला प्रत्येकीचं नाव माहीत होतं. नावं द्यायची म्हटली तर यादी करावी लागली असती. नाव, वय, पत्ता, वारस. अन्नपूर्णाबाई, मुलगा रत्नपाल, आरोग्य निरीक्षक.

मी म्हणालो, "कोणी नाही. गुरं चारणारे येतात कधी कधी."

ओमेश एकदा गोण्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघून लिहू लागला. त्याने माझ्यावर काही दबाव आणला नाही, साहेबांनीही नाही. नाव लिहिलं असतं तर कोणी मला नोकरीवरून काढलं नसतं. हे मी तुला मुद्दाम सांगतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला वेगळं सांगत आलो.

कुंपण लागण्याच्या आदल्या दिवशी मुर्रीला गेलो. मायला म्हणालो, उद्यापासून जाऊ नकोस, बाकीच्यांनाही सांग. तिने विचारलं, किती दिवस? मी तीन महिने म्हणालो. ती बरं म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

पुढे नियमाप्रमाणे लोकांची सभा घ्यावी लागली. वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली होती. वीस-पंचवीस माणसं आली, निम्मी आमच्याच ऑफिसची. मी अर्जातली माहिती वाचून दाखवत होतो. जागेवर अवलंबून असलेली माणसं: निरंक. मागच्या रांगेतून सावित्रीबाई उभी राहिली. मायच्या जोडीला वीस वर्षं काम केलेली, मला लहानपणापासून ओळखणारी. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. तिने विचारलं, "निरंक म्हंजे काय जी?"

मी म्हणालो, "म्हणजे कोणी नाही."

ती बरं म्हणून खाली बसली. मी कोणाचा मुलगा आहे, हे ती त्या सभागृहात सांगू शकत होती. तिने सांगितलं नाही. मी पुढचा मुद्दा वाचायला घेतला. आवाजही हलला नाही. त्या दिवशी मला काही वाटलं असेल असं तुला वाटेल, पण मला आठवतं ते एवढंच की पंख्याचा आवाज येत होता आणि मला तहान लागली होती.

गॅस पुरेसा निघाला नाही. आपलं गाव लहान, कचरा कमी. त्यात ओमेशने एक गोष्ट सांगितली. कुजणारं पुष्कळसं गुरंडुकरं खाऊन जात होती, आणि पुठ्ठा-कागद वर्षानुवर्षं कोणीतरी आधीच उचलून नेत होतं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. कंपनीचं दोन पानी पत्र आलं आणि विषय मिटला. कुंपण मात्र राहिलं. पुढच्या वर्षी आत खताची शेड झाली. कचरा वेगळा करायला बाया हव्या होत्या. सावित्रीबाई आणि सात-आठ जणी ऑफिसात आल्या. ठेकेदाराने विचारलं, आधीपासून काम करणाऱ्यांची काही यादी आहे का. फाइल माझ्याच टेबलावर होती. यादी नव्हती. त्याने आपली माणसं बाहेरून आणली. सावित्रीबाई त्या उन्हाळ्यात नातीला घेऊन वीटभट्टीवर गेली, कामठीकडे. नात आठवीत होती. त्या दोघी परत आल्या नाहीत.

हे सगळं मायपर्यंत पोचलंच. एका रविवारी मी गेलो तेव्हा ती पाटीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले नसतं लिहिलं तं चाललं असतं. बाकीच्या बायाइले तं लिहाचं होतं."

एवढंच. महिन्याभरात ती आपल्या भावाकडे, देवाजीमामांकडे, सौंदडला राहायला गेली. तुला आम्ही सांगितलं, आजीला तिकडची हवा मानवते. ती माझ्याशी अबोला धरून नव्हती. फोनवर तुझे मार्क विचारायची, पौर्णिमेला विहारात जाऊन आल्याचं सांगायची. २०१४ मध्ये ती गेली तेव्हा तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मी लाकडासारखा उभा होतो. लोक म्हणाले, रत्नपाल खंबीर आहे. मी खंबीर नव्हतो गं. माझ्या आत काही हलतच नव्हतं, सभागृहातल्या त्या दिवसासारखं. अजूनही फारसं हलत नाही. हे लिहितानाही मी वेलांट्या-उकार नीट तपासतोय.

आता हे आज का लिहितो ते सांगतो. परवा ऑफिसात एक पत्र आलं. शहर पुन्हा कार्बन क्रेडिटचा विचार करतंय, आणि त्याआधी कचऱ्यावर जगणाऱ्या माणसांची पाहणी पुण्याची एक संस्था करणार आहे. पत्राखाली तुझी सही आहे. २००९ चा अर्ज तुम्ही मागितलाय. ती फाइल कोणाच्या कपाटात आहे आणि त्यावर कोणाची सही आहे, हे तुला माहीत नसणार. सोमवारी, अठरा तारखेला, तू तुझ्या वरिष्ठांबरोबर माझ्यासमोर बसशील. तो रकाना आला की मी बाप आहे म्हणून पुढे जाऊ नकोस, विचार. मी अकराही नावं सांगणार आहे, आणि ती मी लपवली हेही. साहेबांना मी काल तसं लेखी दिलंय. त्यातलं पहिलं नाव अन्नपूर्णाबाईचं असेल. ते तुझ्या आजीचं आहे हे तुला परक्या माणसांत, टेबलापलीकडून कळू नये, म्हणून हे पत्र. आठवड्याभरात पोचेल. त्यानंतर तू घरी न उतरता लॉजवर उतरलीस, तरी मी स्टेशनवर येईन. सामान उचलायला.

तुझाच,
बाबा