हिरव्या शाईची दुरुस्ती

बाबा, मंगळवारी अमेरिकेहून एक खोकं आलं आणि तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाही. त्सोलच्या, म्हणजे इथल्या कस्टमच्या, ऑफिसात जाऊन ते सोडवून आणावं लागलं. तिथल्या माणसानं विचारलं, आत काय आहे? म्हटलं, माझ्या नवऱ्याचे पूर्वज. तो हसला नाही; रकान्यात ‘कागद’ लिहून शिक्का मारला. तुम्हाला तो आवडला असता.

खोकं नवऱ्याच्या आत्याचं. ती या हिवाळ्यात गेली. त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष आयर्लंडहून उपाशीपोटी निघून अमेरिकेत पोचला, जंगल तोडून त्यानं आपली पहिली झोपडी बांधली, आणि त्याच्याच वंशातले माझे सासरे पुढे नोकरीसाठी जर्मनीत येऊन इथे आखनला कायमचे राहिले. आत्यानं जन्मभर ही सगळी माणसं जुळवली. तुम्ही आपल्या कुलवृत्तांतासाठी करायचात अगदी तेच: फॉर्म पाठवायचे, आठवण करून द्यायची, आणि नोंद पक्की करण्याआधी ज्याची त्याच्या घरी तपासायला धाडायची. तीन दिवस जगलेल्या बाळालाही तिच्या वहीत क्रमांक आहे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, ‘पुढे तू सांभाळ. तुझ्या वडिलांची शिस्त तुझ्यात असणारच.’ तुमची शिस्त हिला कोणी सांगितली, म्हणून मी चक्रावले. मी तर तुमच्याबद्दल तिच्याशी चकार शब्द काढला नव्हता.

आठवतंय, मी दहा वर्षांची आहे. सांगलीच्या स्वयंपाकघरात रविवारी पोळपाट बाजूला सारून तुम्ही फॉर्म पसरता. “तुमच्या खापरपणज्यालाच म्हणावं पोळ्या लाट,” आई कुरकुरते. मी नावं वाचते, तुम्ही हिरव्या शाईनं उतरवता. एका रविवारी तुम्ही पेन माझ्या हाती दिलंत आणि मी मागच्या गल्लीतल्या ठणठणीत काकांच्या नावामागे कै. लिहून टाकलं. तुम्ही वही आपटलीत. “जिवंत माणसाला मारलंस! जा, पाया पडून ये.” भर उन्हात गेले. काका पोट धरून हसले आणि त्यांनी माझ्या हातावर रव्याचा लाडू ठेवला. तुम्ही मात्र रात्री जेवताना एवढंच म्हणालात, “अर्धा पत्ता आणि चुकीची नोंद लिहिण्यापेक्षा कागद कोरा ठेवावा.”

पुढे मी इथे शिकायला आले आणि इथेच लग्न केलं. कुलवृत्तांत छापून झाला तेव्हा आईनं तुमच्या चोरून एक प्रत पाठवली. तुमच्या नावाखाली दोन्ही दादा, वहिन्या, नातवंडं, सगळ्यांची नावं, आणि शेवटी ‘कन्या : एक’. बस. पानभर माणसं आणि मी नुसता आकडा. मी संतापले, खोटं कशाला बोलू, अजूनही संतापते. त्याच महिन्यात आत्याचा फॉर्म आला होता. वडिलांच्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं आणि पुढे इंग्रजीत ‘मृत’ लिहिलं. जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र घर नंबर, गल्ली, पोस्ट, सगळं व्यवस्थित भरलं. वळण तुमचंच, पत्ता अर्धा कसा सोडणार!

काल माझ्या नावाची फाइल उघडली. आत्यानं त्या फॉर्मची प्रत आपल्या नेमाप्रमाणे त्याच पत्त्यावर तपासायला धाडली होती, ‘घरात जे कोणी असतील त्यांना’. ती परत आलेली आहे. माझ्या अक्षरातल्या ‘मृत’वर हिरवी रेघ, आणि समासात तुमच्या रेखीव इंग्रजीत ‘हयात’. पुढे सही. त्याखाली आपल्या सात पिढ्यांची नावं, आणि अगदी शेवटी माझं, माझ्या नवऱ्याचं, तेव्हा जेमतेम वर्षाच्या आमच्या लेकीचं. पूर्ण नावं, बाबा.

नवऱ्याला दाखवलं. “तुला ठाऊक होतं?”

“नाइन, नाही,” तो म्हणाला. “आत्या एकदा फोनवर म्हणाली होती, तुझे सासरे फार काटेकोर दिसतात. मला वाटलं, तूच काही सांगितलं असशील.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्यानंतरही कित्येक वर्षं आपण दर रविवारी फोनवर बोललो: पाऊस, गुडघे, आईची साखर. एकदाही तुम्ही वही आपटली नाहीत. पाया पडून ये म्हणाला नाहीत. का नाही म्हणालात? मी आले असते हो, मिळेल त्या विमानानं आले असते. तो कागद वाचताना तुम्ही कुठे बसला होतात, त्या दिवशी नीट जेवलात का, हे आता कोणाला विचारू? आईही नाही. मी उठते, ओटा पुसते, पुसलेलाच परत पुसते. “मामा, आलेस गुट?” आई, सगळं ठीक ना, असं लेक आतून जर्मनमध्ये विचारते. सगळं गुट आहे म्हणून सांगते.

आत्याची वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्यात तुम्ही अजून हयात आहात. तुम्ही गेलात ते आत्याला मी कधी कळवलंच नाही. तुमच्या नियमानं तारीख घालून नोंद दुरुस्त करायला हवी. सकाळपासून तीनदा पेनाचं टोपण काढलं आणि तीनदा लावलं. हे पत्रही कुठे टाकणार, तुमचा पूर्ण पत्ता माझ्याकडे नाही आणि अर्धा तुम्हाला चालत नाही. रागवा हवं तर. ती एक नोंद मी चुकीचीच ठेवली आहे.