परवलीच्या शब्दाशिवाय ट्रक नाही

६ जानेवारी १९९७
काल आमच्या उसाच्या तोडणीची पाळी होती. कुणीतरी साखर कारखान्याच्या वायरलेसवर ‘मिरजगाव गट ऑफिसातून दानीएल साहेब बोलतोय’ असं सांगून ऊसतोडीची टोळी आणि ट्रक भलत्याच शेतात नेले. आमच्या भागाचं ते ऑफिस सांभाळणारे खरे साहेब तेव्हा चहाला गेले होते. वायरलेसचा इनचार्ज मी, ट्रक धाडला मीच, आणि माझाच दोन एकर ऊस उभा. सौ. शुभांगी बोलत नाही. निर्धार: जिल्ह्यातलं पहिलं सुरक्षित वायरलेस मी उभं करणार.

७ जानेवारी
आराखडा तयार. रोज नवा परवलीचा शब्द. तो सांगितल्याशिवाय ट्रक नाही. शेतकऱ्याचं नाव सेटवर घ्यायचं नाही. गट ऑफिसांना गुप्त नावं. मिरजगाव म्हणजे ‘पोपट’. दानीएल साहेब म्हणाले, दुसरं काई न्हाई का. सुरक्षिततेत आवडनिवड नसते.

८ जानेवारी, सकाळी ७
पहिला शब्द ‘हुरडा’. अकराही ऑफिसांना वायरलेसवरूनच कळवला. तीनदा, सावकाश. सगळीकडे स्पीकर बाहेर ओट्यावर आहे, शेतकरी तिथंच बसलेले असतात, त्यामुळे ऐकू आलं नाही अशी एकही तक्रार नाही.

११ जानेवारी
सिस्टिम जोरात. एकेका ऑफिसातून तीन-तीन वेगळे साहेब बोलतात, तिघांनाही शब्द पाठ. शिस्त लागायला वेळ लागत नाही. दानीएल साहेब तेवढे रोज विसरतात.

१५ जानेवारी, दुपारी
सकाळी दहाला दानीएल साहेबांचा कॉल. ऊस तोडून पडलाय, लगेच ट्रक धाडा. शब्द विचारला. आठवेना. ऊस कुणाचा, म्हटलं. तर म्हणे, नाव घ्यायला तुमीच बंदी केलीय, पन तुमच्या जवळच्याच मानसाचा हाय. ही जुनी युक्ती. वर म्हणे, बारा वर्षं संगं हाय, आवाज वळखत न्हाई व्हय? आवाज कुणीही काढतं. ठाम नकार दिला. पाच मिनिटांत एका अनोळखी आवाजानं शब्द अचूक सांगितला. ट्रक त्याला दिला.

संध्याकाळी ५
ऊस आमचाच होता. टोळी कालच शेतात उतरली होती, पण शुभांगी अजून बोलत नाही आणि सेटवर नाव घ्यायला बंदी. वर्षभराची मेहनत बांधाला पडून वाळतेय, तासातासाला वजन घटतंय. फार वाईट वाटलं. पण सिस्टिमला दोष देता येणार नाही. खुद्द मला पत्ता लागला नाही, म्हणजे गुप्तता शंभर टक्के.

१६ जानेवारी
सकाळी आठला ‘पोपट’वरून बाईमाणसाचा आवाज. परवलीचा शब्द विचारला. शुभांगीनं लग्नात उखाण्यातसुद्धा माझं नाव ओठातल्या ओठात घेतलं होतं, आणि नंतर सोळा वर्षांत एकदाही नाही. आज तिनं ते वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत घेतलं. पुढेही बरंच बोलली. अकरा ऑफिसं ऐकत होती, ओट्यांवरची माणसं वेगळीच. नियमाप्रमाणे शब्द पुन्हा एकदा विचारायला हवा होता.

ट्रक पाठवला.