चित्राच्या कडा

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं आहे. त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोन सोडून हिने पत्र कशाला लिहिलं, असं वाटेल तुला. माझा फोन आता आईच्या टीव्हीला जोडलेला असतो आणि त्यातून निघालेला शब्दन् शब्द आधी तिच्या कानावर पडतो. शिवाय फोनवर तू फार सफाईने बोलतोस. पत्र वाचताना मध्येच ‘आवाज तुटतोय गं ताई’ म्हणून सुटता येत नाही.

आधी त्या टीव्हीचं सांगते, कारण त्याने माझा जीव नकोसा केला आहे. तोच, बाबांनी आणलेला, लाकडी पेटीचा, पुढे दोन गोल खटके असलेला. मी हौसेने भिंतीवरचा चपटा टीव्ही आणला होता. आई त्याला हात लावत नाही. त्याचा रिमोट म्हणजे साबणाची वडी. कुठलं बटण कुठे आहे ते बोटांना कळत नाही, आणि डोळ्यांवर तिचं आता भागत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तुला कळवलंच होतं: नजरेचं मधलं गेलं, कडेचं राहिलं. समोरच्या माणसाकडे बघितलं की तोंडाच्या जागी करडा डाग, आणि त्याच्या कानापलीकडची खिडकी मात्र लख्ख. तेही किती टिकेल याची हमी नाही. दवाखान्यातून घरी येताना तिने एकच गोष्ट मागितली. आहे ती नजर जायच्या आत धाकट्याला बघायचं आहे, तुझ्या त्या फोनच्या काडेपेटीत नाही, माझ्या टीव्हीवर.

तर लागले कामाला. ज्या दुकानात गेले तिथला माणूस दात कोरत बसला होता. टीव्हीचं वर्णन ऐकून हसला, आणि ज्या काडीने दात कोरत होता तीच माझ्याकडे रोखून म्हणाला की मावशी, भंगारात द्या. मी जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांच्या जोडण्या तपासल्या, असल्या काडीला घाबरणार नव्हते. मला हवं ते मी नाव घेऊन मागितलं. फोनमधलं चित्र बाहेर काढणारी एक वायर. ते चित्र जुन्या पद्धतीचं करून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांतून देणारी एक डबी. आणि आपल्या टीव्हीला त्या पिनांची भोकंच नाहीत म्हणून तेच चित्र अँटेनाच्या भोकातून आत ढकलणारी दुसरी डबी. प्रत्येकीला वीज वेगळी. घरी आणून मांडलं तर एखाद्या जनावराचं पोट फाडून आतडी जमिनीवर पसरावीत, तसं दिसत होतं.

टीव्ही भिंतीपासून ओढला आणि मागे जे निघालं त्याने जेवण गेलं नाही मला त्या दिवशी. केसांचे पुंजके, पालीची अंडी, एक वाळलेलं झुरळ पाय वर करून. अँटेनाच्या जुन्या वायरीचं प्लास्टिक पाघळून चिकट झालेलं. हाताला लागलेला तो काळा डिंक रॉकेलने धुतला तेव्हा सुटला. आई खुर्चीत बसून सूचना करत होती की जपून, बाबांनी तिथे फडका ठेवलाय. फडका होता. त्याचं काय झालं होतं ते लिहीत नाही.

जोडलं सगळं. खटका तीनवर ठेवला की चित्र येतं, बाकी सगळीकडे मुंग्या. आणि आईच्या हाताला लागलेली सवय अशी की टीव्ही लावला की पहिल्यांदा खटका दोन घरं पुढे फिरवायचा. बाबांच्या वेळेपासून बातम्या तिथे लागतात. ती बिनचूक फिरवते, मुंग्या येतात, आणि मग मला हाक, की तुझ्या डब्या बिघडल्या. माझ्या डब्या बिघडलेल्या नसतात. शेवटी त्या खटक्यावर मी जखमेची चिकटपट्टी मारली. आता ती पाहुण्यांना सांगते की हिने टीव्हीला मलमपट्टी केलीय.

आता तुझ्याकडे येते.

तुझं चित्र रुंद, हा पडदा जवळजवळ चौकोनी. पहिल्या डबीवर त्यासाठी एक बटण आहे. एकीकडे दाबलं तर चित्र पुरतं दिसतं पण बारीक, वर-खाली काळे पट्टे. दुसरीकडे दाबलं तर पडदा भरतो, मात्र दोन्ही बाजू कापल्या जातात. पहिल्या दिवशी मी पुरतं ठेवलं. एवढी घाण उपसल्यावर मला चित्र अर्धवट नको होतं. तू पडद्यावर आलास. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आई नवी साडी नेसून बसली होती. तू म्हणालास, ही माझी अभ्यासाची खोली. म्हणालास, बायको आत्ताच बाजारात गेली. तुझी बायको गेले कित्येक महिने मी बोलेन तेव्हा बाजारात असते; एवढ्या खरेदीने तुझ्या घरात पाय ठेवायला जागा उरली नसेल. आणि मग लाडात येऊन म्हणालास, आई, तू माझ्याकडे बघतच नाहीस. अरे, तुझ्याकडे सरळ बघितलं की तूच पुसला जातोस. तुला बघायला तिला दुसरीकडे बघावं लागतं.

तू म्हणालास म्हणून ती सरळ बघायला लागली, तेव्हा मी चित्राच्या उजव्या कडेकडे बघत होते. लोखंडी शिडी. वरच्या खाटेचा गज, त्यावर चार रंगांचे चार पंचे वाळत घातलेले. आणि वरून लोंबणारे दोन पाय, अंगठ्याला भोक पडलेल्या मळक्या मोज्यांतले, हलणारे. तुझ्या अभ्यासाच्या खोलीत.

चार जणांच्या खोलीत राहण्यात काही वाईट नाही. संसार मोडतात, नोकऱ्या जातात. मी काय जग पाहिलं नाही? पण त्या पायांखाली बसून म्हातारीला गोड आवाजात खिडकीच्या पडद्यांचा रंग सांगत होतास ना, त्याची मला किळस आली. झुरळाची आली नव्हती तेवढी. आणि लगेच मी काय केलं? डबी नीट बसवते असं दाखवत वाकले आणि बटण दुसरीकडे दाबलं. तुझ्या कडा कापल्या. शिडी गेली, पंचे गेले, पाय गेले. उरला इस्त्रीचा शर्ट. तुझ्या खोटेपणाला मी माझ्या हाताने चौकट करून दिली. तेव्हापासून दर वेळी तसंच दाबते आणि दर वेळी हात धुते.

हे पत्र मी तुला झापायला लिहिणार होते. पण काल तुझं बोलणं संपलं, मी वायरी गुंडाळत होते, आणि आई म्हणाली, “हल्ली तो वर बसलेला माणूस दिसत नाही. गेला का सोडून?” मधलं गेलं, कडेचं राहिलं, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं आणि मी तुला. पहिल्या दिवशी ती सरळ बघायला लागली तेव्हा तुझं तोंड पुसलं गेलं होतं. तिला दिसली ती शिडी, ते पंचे, ते मोजे. एवढे दिवस ती तुझ्या बायकोची, पडद्यांची, बाजाराची चौकशी करत राहिली, तुला बोलायला विषय हवा म्हणून. मग म्हणाली, “त्याला खालची खाट मिळालीय ना, तेवढं विचार. झोपेत पडतो तो.” तेवढं विचारायला हे पत्र लिहिलं आहे. पुढच्या वेळी बायको, पडदे काही सांगू नकोस. आईला खाट वरची की खालची ते सांग, मी बटण पुरत्या चित्राचं दाबून ठेवते. आणि वरची असेल तर सांगत बसू नकोस, सरळ निघून ये. इथली तुझी खाट जमिनीपासून वीतभर उंच आहे आणि तिच्याखाली मी झाडून घेतलं आहे.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
ताई