अणूतली मळणी

११ डिसेंबर १९९७, शिरूर

आज बारावीचा वर्ग हसला — मला नाही, माझ्याबरोबर! अणूचा धडा होता. पुस्तक इंग्रजीत, मुलं आसपासच्या गावांतली. अभिकेंद्री बल म्हटलं की डोळे मिटतात. म्हणून फळ्यावर मळणीचं खळं काढलं. मधे रोवलेला खांब, तिवडा — तो अणूचा गाभा. त्याला बांधून गोल फिरणारे बैल म्हणजे इलेक्ट्रॉन. दावं बैलाला आत ओढतं, तसं विद्युतबल इलेक्ट्रॉनला. पुढे सगळं न्यूटनचंच गणित. मागच्या बाकावरून बाळासोने विचारलं, "मॅडम, बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायची का न्हाई?"

तास संपल्यावर पहिल्या बाकावरची माया जिन्यापर्यंत बरोबर आली. जूनमध्ये इथे शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदाच कोणी बरोबर चाललं.

१४ डिसेंबर, वरवंड

रविवारचं घरी आले. वडिलांना, आबांना तिवड्याचं सांगितलं. आबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या खळ्यावर बैलांची पात हाकली. म्हणाले, "आपलं काम कालेजात सांगतीस व्हय?" आणि उगाच बाहेर जाऊन उभे राहिले. अणू म्हणजे काय, हे विचारलं नाही. घरात शिकलेली मी पहिली — त्यामुळे विचारणारं कोणी नाही.

२२ डिसेंबर

मुलं आता 'तिवडा मॅडम' म्हणतात. आवडतं. माया डबा घेऊन माझ्याजवळ बसते.

१७ जानेवारी १९९८

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासले. कोणत्या कक्षेतला इलेक्ट्रॉन वेगवान? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलंय — बाहेरचा. बाळासोने कारणही दिलंय: 'आतला बैल जागच्या जागी फिरतो, बाहेरच्याला मोठा फेरा पडतो, म्हणून त्याला पळावं लागतं.'

खळ्यावर अगदी खरं. सगळे बैल एकाच दाव्यात जोडलेले. अणूत मात्र उलट, आतलाच वेगवान. काहींनी तर चित्रात गाभ्यापासून इलेक्ट्रॉनपर्यंत दोर काढलाय, गाठीसकट! मुलं चुकली नाहीत. मी शिकवलं तेच त्यांनी लिहिलं. मार्क कसे कापू?

ग्रहांचं उदाहरण दिलं असतं — सूर्याजवळचा ग्रह वेगवान — तर निदान वेग तरी बरोबर आला असता. पण मग कोण हसलं असतं?

१९ जानेवारी

गणिताच्या सतीश सरांना विचारलं. म्हणाले, वेगाचं तेवढं सूत्र दुरुस्त करून द्या, तिवडा राहू द्या. "आत्ता कुठं पोरं तुमच्याकडं बघायला लागलीत, मॅडम. तिवडा उपटलात तर तुम्ही परत एकट्या."

हे त्यांनाही दिसतं तर.

पण चूक तेवढीच नाही. जुन्या नियमांनी पाहिलं तर गोल फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा फेकत फेकत क्षणात गाभ्यावर कोसळायला हवा. कोसळत नाही. कारण तो तसा फिरतच नाही. दावं नाही, रिंगणही नाही. हे माहीत असून गप्प बसू?

२० जानेवारी

सांगितलं. आतल्याचा वेग जास्त, सूत्र हे, परीक्षेत एवढं लिहा. आणि खरं म्हणाल तर इलेक्ट्रॉन बैलासारखा फिरत नाही.

बाळासो म्हणाला, "मग कशावानी हाय?"

"कशासारखाच नाही."

मग माया, खाली बघत — "मग आम्हाला सांगितलंच कशाला?"



२१ जानेवारी

डबा एकटीने खाल्ला.

९ फेब्रुवारी

मुलं माझ्या तासाला बाहेरच्या क्लासच्या नोट्स उघडून बसतात. माया व्हरांड्यात समोरून आली, मला पाहून वळली. खोलीवर रेडिओ लावते; बातम्या संपल्या की कोणी उठून गेल्यासारखं वाटतं. सारखं मनात येतं — मी खरं सांगितलं, की नुसतं स्वतःचं मन हलकं केलं? त्यांच्या हातात होतं ते काढून घेतलं, आणि बदल्यात काय दिलं?

२५ मार्च

बोर्डाची परीक्षा संपली. मुलं निरोप घ्यायला आली होती. सतीश सरांच्या टेबलाभोवती गर्दी. मी उगाच प्रयोगशाळेची कपाटं आवरत बसले.

१२ एप्रिल

माया खोलीवर आली. वाटलं, एखाद्या दाखल्यावर सही हवी असेल. नाही. चपला काढता काढताच म्हणाली, "कशासारखाच न्हाई, असं कसं असंल, मॅडम? पेपर झाला तरी डोक्यातून जाईना."

दुपारची आलीय. अजून बसलीय. एवढं लिहायला मिळतंय, कारण ती इलेक्ट्रॉनचं गणित सोडवतेय आणि मला मधे बोलू देत नाही.